लाकडाचे कवेलू

मिस्त्रीचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या कानावर गेलं तर तो आधी विचारील, नाव काहून लिवलं, कोनं लिवाले लावलं. मी काहीही सांगितलं तरी मान हलवील आणि तेच दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जाईल. माझंही नाव नको. वलगावात सुतार म्हटलं की लोक माझ्या दाराकडं बोट दाखवतात, तेवढं मला पुरतं. शाळा माझी चौथीपर्यंत. त्याउप्पर जे शिकलो ते रंध्यावर शिकलो आणि रंधा अजून हातात आहे.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडं एका मॅडमचं शेत आहे. मॅडम सरकारी नोकरीत होत्या, बरीच वर्षं चिखलदऱ्याला राहिल्या. तिथं एका जुन्या बंगल्यावर लाकडाचं छप्पर होतं. मातीचे कवेलू, म्हणजे कौलं, नाही, टिन नाही. सागवानाच्या हातभर लांब पातळ फळ्या, माशाच्या खवल्यासारख्या एकीवर एक. त्या बंगल्यातला गारवा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी शेतात घर बांधलं आणि घराला लागून एक मोठी खोली काढली, पुस्तकांसाठी. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं पेट्यांमध्ये पडून होती. त्या खोलीवर मॅडमना तसंच छप्पर पाहिजे होतं. सागवान त्यांनी परतवाड्याच्या लिलावातून आणलं.

"एवढंच लाकूड आहे," त्या मला म्हणाल्या. "परत असं मिळत नाही. चुकलं तर मग टिनच टाकायचे."

मला वाटलं, काम माझंच. आढं, वासे, रिपा, सगळा सांगाडा मीच उभा केला होता. मग एप्रिलात एक दिवस जुन्या मोपेडवर हा माणूस आला. बाळापूरकडचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तुरीच्या काडीसारखा, तोंडाला दुपट्टा बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "हे छपराचे मिस्त्री. तुम्ही यांच्या हाताखाली राहा."

साठी ओलांडल्यावर हाताखाली. ते शब्द मी खिशात ठेवले.

त्यानं सांगाड्याला तीन चकरा मारल्या. प्रत्येक वाशाला बोटानं टिचकी मारली आणि कान लावला. दुपट्टा काढला नाही.

"हे कोनं केलं?"

"म्या."

"कवा?"

"मागच्या महिन्यात."

त्यानं मान हलवली. संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा परत तेच. "मामा, हा सांगाडा कोनं केला म्हनले?" मी म्हटलं, "सकाळी सांगतलं ना." तर म्हणतो, "सकाळचं सकाळी झालं."

पुढं कळलं की ही त्याची रीतच होती. सकाळी विचारलेलं संध्याकाळी परत विचारायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का पाहायचं. खिळे कोणत्या दुकानातून आणले, लाकूड कोणत्या दिवशी उतरलं, मॅडमचा भाऊ कुठं राहतो, सगळं दोनदा. एकदा मला त्याचा कंटाळा आला. सकाळी गाव विचारलं तेव्हा वलगाव सांगितलं आणि संध्याकाळी सांगितलं दर्यापूर. दुसरा पूर्ण दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, तुमी वलगावचेच हा. म्या इचारून आलो."

"कोणाले इचारलं?"

"ते नाई सांगत."

खिळ्यांचं तर विचारूच नका. लोखंडाचा खिळा सागवानात मारला की लाकूड काळं पडतं, शाई सांडल्यासारखं, आणि मग खिळ्याच्या भोवती सडतं. हे मलाही माहीत होतं. म्हणून तांब्याचे खिळे सांगितले होते. मिस्त्री मोडक्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्यानं गळ्यात घालून फिरायचा. खिळ्यांची पिशवी आली की चादरीवर ओतायची आणि एकेक खिळा चुंबकाला लावायचा. चिकटला तर वरून तांबं आणि आतून लोखंड. पहिल्या पिशवीत असे चौदा निघाले. ते कागदात बांधून तो अमरावतीला दुकानदाराकडं गेला आणि त्याच्या गल्ल्यावर ठेवून आला. काय बोलला, विचारलं, तर म्हणाला, "काई नाई. नुसता उभा राह्यलो."

लाकूड आरामशीनवर कापू दिलं नाही. आरा लाकडाच्या रेषा तोडतो आणि तुटलेल्या रेषेतून पाणी आत शिरतं, असं तो म्हणायचा. त्याच्याकडं हातभर लांब जाड पातं होतं, एका टोकाला उभी मूठ. ओंडक्याच्या तुकड्यावर पातं ठेवायचं, वरून लाकडी मोगरी मारायची आणि मूठ पिळायची. फळी रेषेरेषेनं फाटून यायची, गुळगुळीत. मग रंध्यानं एक टोक पातळ करायचं. त्याचा हात पाहण्यासारखा होता. मी पाहायचो, पण तो पाहतो आहे असं दिसलं की दुसरीकडं मान वळवायचो.

पाण्याबद्दल तो माणसाबद्दल बोलावं तसा बोलायचा. "ते सोयरं नोय मामा," म्हणायचा. "भिंतीले कान लावून बसलेलं असते." मोबाइलवर पावसाचा अंदाज मॅडम रोज सकाळी वाचून दाखवायच्या. तो ऐकून घ्यायचा आणि वर पाहून म्हणायचा, "हे सांगनारा कोठी बसलेला हाय, ते नाई लिवलं?"

मॅडम हसायच्या. पाठीमागं मला म्हणाल्या, "थोडे बह्याडच आहेत, वेडे, नाही का?" मी म्हटलं, "थोडे?"

आता मुद्द्यावर येतो.

मिस्त्री लाकडाचे कवेलू बसवायचा ते तीन थरांत. प्रत्येकाचा खालचा तिसरा हिस्साच उघडा, बाकीचा वरच्यांच्या खाली. दोन कवेलूंचा जोड जिथं येतो त्याच्या बरोबर वर तिसऱ्याचं पोट. इथपर्यंत मला पटत होतं. पण शेजारच्या दोन कवेलूंमध्ये तो फट सोडायचा. सुताराची चपटी पेन्सिल उभी धरून मध्ये ठेवायची, खिळे मारायचे, पेन्सिल काढून घ्यायची. सगळीकडं तेवढीच फट.

मी आयुष्यभर जोड बसवले. माझ्या दाराच्या सांध्यात पोस्टकार्ड जात नाही. आणि हा माणूस छपराला फटी सोडतो.

"काहून सोडता?"

"पेन्सिल ठिवा मधात."

"ते दिसते. काहून म्हनून राहिलो."

"ठिवा म्हनतो ना मामा."

कसब सांगायचं नाही हा त्याचा नियम होता. सांगितलं की ते दुसऱ्याचं होतं. पूर्वेकडची बाजू झाली तेव्हा त्यानं भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि आत अंधारात उभा राहून वर पाहिलं. मीही गेलो. वर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके.

"उजेड येते," मी म्हटलं.

"येऊ द्या. उजेड सरळ येते. पानी उतारानं जाते."

मला हसू आलं. आणि त्याच दिवसापासून मला संशयही यायला लागला. कारण दर शनिवारी तो घरी जाताना मोपेडच्या मागं एक पोतं बांधायचा. पोत्यात काय, हे त्याच्या आकारावरून कळत होतं. हातभर लांब, चपटं. कवेलू. मी मनात जोडलं. फट सोडली की ओळीत दोन-तीन कवेलू कमी लागतात. पूर्ण बाजूला किती वाचत असतील? आणि वाचलेले जातात कुठं? पोत्यात. बाळापूरला. मॅडमचं लाकूड, परत न मिळणारं.

मे संपता संपता त्याच्या साळ्याच्या मरणाचा निरोप आला. आठ दिवस जावं लागणार होतं. पश्चिमेकडची बाजू पूर्ण बाकी, आणि पाऊस तिकडूनच येतो. जाताना त्यानं मला पेन्सिल दिली. "मामा, ओळ सरळ धरा. पेन्सिल ठिवा. पांढरं लाकूड लावू नका, मधला पिवळा गाभाच लावा. आन दुसऱ्या कोनाले वर चढू देऊ नका." फाटकापर्यंत गेला, परत आला आणि पुन्हा सगळं तसंच सांगितलं.

मी पेन्सिल कानावर ठेवली आणि आठ दिवस तिथंच राहू दिली.

पश्चिमेची बाजू मी माझ्या पद्धतीनं बसवली. कवेलूला कवेलू चिकटून, रंध्यानं कडा मारून. दार पावसाळ्यात फुगतं हे मला कोणी शिकवायला नको. पण चांगलं सागवान फुगत नाही, हा माझा हेका होता, आणि उन्हाळ्याचं लाकूड तर हाडासारखं वाळलेलं. लाकूड जास्त लागलं म्हणून कडेला पांढरी रेघ असलेलेही पंधरावीस लावले. शेवटच्या दिवशी दुपारी दारं लावून आत उभा राहिलो. पश्चिमेकडं एक ठिपका नाही. काळोख. मॅडमला बोलावून दाखवलं.

"वा," त्या म्हणाल्या. "मग त्या बाजूला फटी कशाला?"

तेव्हा मी पोत्याचं सांगितलं. चोरी हा शब्द मी वापरला नाही. एवढंच म्हटलं की तुमचं लाकूड आहे, तुम्ही विचारायला पाहिजे.

मिस्त्री आला तो सोमवारी सकाळी. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. शिडीवर पाय ठेवणार तेवढ्यात मॅडमनी विचारलं. साध्या आवाजात विचारलं, पण विचारलं. "मिस्त्री, शनिवारी पोत्यात काय नेता?"

त्यानं पाय खाली घेतला. मॅडमकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मोपेडला रिकामं पोतं होतं. मागच्या ओसरीत, त्याच्या सामानाखाली, भरलेलं एक होतं, जाण्याआधीच्या शनिवारी न्यायचं राहिलेलं. ते त्यानं ओढत आणलं आणि अंगणात उलटं केलं. कवेलू सांडले. गाठी असलेले, टोकाला फाटलेले, अर्धे पांढरे.

"टाकलेले हायेत," तो म्हणाला. "इथी ठिवले का कोनीतरी वर चढवतेच. म्हून नेतो. चुलीत घालतो."

"मला सांगायचं ना," मॅडम म्हणाल्या.

"इचारायचं होतं ना," तो म्हणाला.

आता खरं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. त्या ढिगात चार-पाच कवेलू मला चांगले दिसले होते. आजही वाटतं ते चांगले होते. पण चार-पाच. मी मनात जोडलं होतं तेवढे नाही, त्याच्या जवळपासही नाही.

त्यानं हत्यारं बांधली. मॅडम थांबा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. तो थांबला नाही. आणि जन्मभर सगळं दोनदा पाहणारा हा माणूस त्या दिवशी पश्चिमेची बाजू एकदाही न पाहता निघून गेला. आढ्यावरची शेवटची ओळ मी घातली. लोक छप्पर पाहायला यायला लागले. नांदगाववरून यायचे, अमरावतीवरून यायचे. मी सांगायचो. फार सांगायचो.

जुलैत झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही, पाणी बारीक, पण थांबायचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "छपरातून आवाज येऊन राहिले," म्हणाल्या. मी गेलो. पोचलो तेव्हा एक आवाज माझ्यासमोर झाला, बाज मोडावी तसा. पश्चिमेची बाजू मधोमध पोळीसारखी फुगली होती. खिळ्यांसकट कवेलू उठले होते, काही उभे चिरले होते.

एक कवेलू केसभर फुगलं असेल. सागवान कमी फुगतं, हे माझं खरंच होतं. पण ओळीत साठ कवेलू होते. साठ केसांना जायला जागा पाहिजे की नाही? ती जागा मीच बंद केली होती. जिथं पांढऱ्या कडेचे लावले होते तिथं सगळ्यात वाईट झालं होतं.

आत वडिलांच्या पुस्तकांची एक पेटी भिजली होती. मॅडम पंख्याखाली बसून एकेक पान सुटं करून राहिल्या होत्या.  मी ताडपत्री टाकली.

मिस्त्रीला त्यांनीच फोन केला. मला वाटलं तो येणार नाही. दुपारी आला, मोपेडवर, पूर्ण भिजून. शिडी लावली नाही. खालूनच पाहिलं. त्याला कळायला खालून पाहणं पुरेसं होतं.

मॅडम दारात आल्या. "मिस्त्री, हे असं कसं झालं? तुम्ही आठ दिवस नव्हता, मला आठवते. पण तुम्ही सांगून गेलात तसंच यांनी बसवलं ना?"

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. तोंड उघडायला एवढा वेळ होता की एक विडी ओढून झाली असती.

"छप्पर माझं हाय," मिस्त्री म्हणाला. "मीच दुरुस्त करतो."

मॅडमचा चेहरा बदलला. "म्हणजे चूक तुमचीच." त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी ताडपत्रीची दोरी ओढून घट्ट केली.

पुढचे दिवस तो ताडपत्रीखाली एकटाच ती बाजू उतरवत होता. मला वर चढू दिलं नाही. मी खाली बसून एकेक कवेलूची कड रंध्यानं घ्यायचो आणि शिडीवरून वर द्यायचो. तो प्रत्येक उलटापालटा करून पाहायचा. दहातले तीन परत यायचे. मी ते पुन्हा मारायचो. एका दुपारी पाऊस थांबला तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, माझं नाव काहून नाई घेतलं?"

त्यानं खाली न पाहता सांगितलं. "तुमचं नाव घेतलं असतं तं बाईनं मंग त्या बाजूचं बी इचारलं असतं. हे कवेलू कोनाचं, ते कोनाचं. एका छपराले दोन नावं लागली का लोक साऱ्याच छपरावर शक घेतात."

"एवढंच?"

"आन म्या पाह्यलं नोतं. रागात गेलो. न पाहता गेलो ते माझं."

माझ्यावर उपकार म्हणून त्यानं ते केलं नव्हतं. ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट, हे मी ठरवू शकलो नाही. लाकूड कमी पडलं नाही. फटींमुळं उलट उरलं. त्यानंतरचे सगळे पावसाळे ती खोली आतून कोरडी आहे.

मागच्या वर्षी माझ्या दारात एक मोठी गाडी आली. चिखलदऱ्याला कोणी नवं हॉटेल बांधून राहिलं होतं, सहा बंगल्या, सगळ्यांवर लाकडाचं छप्पर. मॅडमकडं चौकशी केली होती. मॅडमनी सांगितलं म्हणे, बाळापूरच्या मिस्त्रीची एक बाजू पहिल्याच झडीत उठली होती, तुम्ही वलगावच्या सुतारांना विचारा, ते शेवटपर्यंत थांबले.

असं काम माझ्या दारात कधी आलं नव्हतं. मुलगा माझ्याकडं पाहून राहिला होता, सून चहा घेऊन आली. मी चहा पिऊ दिला. मग सांगितलं. ती बाजू मी त्याचं न ऐकता बसवली होती, उठली ती माझी, टिकली ती त्याची. काम त्याला द्या.

गाडीतला माणूस माझ्याकडं बराच वेळ पाहत होता. "बाबाजी," म्हणाला, "तुमचं आन त्याचं आधीच ठरलं हाय काय?"

मी म्हटलं, "नाई ठरलं."

त्याला पटलं नाही. मॅडमला फोन लावून मी तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

चार दिवसांनी मी एसटीनं बाळापूरला गेलो. मिस्त्री घराच्या ओट्यावर पातं घासत बसला होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गाडी आली, मी असं म्हटलं, मॅडमना असं म्हटलं.

त्यानं पातं बाजूला ठेवलं. "काहून सांगतलं?"

"खरं होतं म्हून."

"ते तवा बी खरं होतं."

मी पिशवी खाली ठेवली.

"गाडी कोनत्या रंगाची होती?"

"पांढरी."

"कितीजन होते?"

"दोघं."

 त्याची बायको पाण्याचा गडवा ठेवून गेली. त्यानं परत विचारलं, "गाडी कोनत्या रंगाची म्हनले?" मी पांढरी म्हटलं. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"म्हंजे तुमाले माह्या हाताखाली काम पायजे."

मी फक्त सांगायला आलो होतो. एसटीत बसताना दुसरं काही मनात नव्हतं, हे मी कोणासमोरही म्हणीन. पण त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पायजे."

"नाई देत," तो म्हणाला आणि पातं पुन्हा घासायला घेतलं.

मॅडमनीच हॉटेलवाल्याला सांगितलं असेल, ते काम त्याला मिळालं. सहाही बंगल्या तो एकटाच करून राहिला आहे, असं ऐकतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं.